पाण्याच्या दिवसाचे डंप

त्या गुरुवारी मुकुंदवाडीत पाणी यायचं होतं, ते आलं नाही. रत्नमालाच्या जिवाला पुढं जो घोर लागला, त्याची सुरुवात एवढीच.

ज्या शहरात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथं पाण्याचा दिवस सणावाराच्या वरचढ असतो. पाहुणे येणार म्हटलं की घरातली बाई आधी वार विचारते. साखरपुड्याची तारीखसुद्धा माणसं टाकीकडं बघून धरतात. रत्नमालाच्या गल्लीत लाइनमन पाचच्या सुमाराला व्हॉल्व्ह सोडायचा. त्या घटकेला मोटार लावायला घरात माणूस नसलं, की शेजारपाजारच्या मोटारी सगळं ओढून घ्यायच्या आणि हौद कोरडा तो कोरडाच. नवरा रामेश्वर कारखान्यात पाळीवर, लेक प्रांजली पुण्याला शिकायला, आणि सासू द्वारकाबाई हौदाच्या झाकणापाशी वाकल्या तर त्यांना उठवायला आणखी एक माणूस लागायचं. म्हणून पाण्याच्या दिवशी रत्नमाला वेळेआधी ऑफिस सोडायची.

ऑफिस चिकलठाण्याला. नटबोल्टच्या गोडाऊनवर लोखंडी जिना चढून गेलं की काकासाहेबांची सॉफ्टवेअरची कंपनी. शेंद्र्याकडची जमीन औद्योगिक पट्ट्यात गेली तेव्हा काकासाहेबांच्या भावकीनं गाड्या घेतल्या, मंगल कार्यालयं बांधली. काकासाहेबांनी कॉम्प्युटर घेतले. भावकी अजून त्यांना हसते.

रत्नमाला या कंपनीत आली ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायला. माहेर फर्दापूरच्या अलीकडचं, डोंगराच्या कडेचं. वडील मल्हारी मेंढरं राखायचे. मेंढरं सरली तसे लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत गारगोट्या विकणाऱ्यांच्या हाताखाली दगड निवडायला जाऊ लागले. बारावी, लग्न, मुकुंदवाडी, टायपिंगचा क्लास, आणि मग ही खुर्ची. तिच्या हाताला एक खोड होती. चांगलं चालणारं सॉफ्टवेअर तिच्यापुढं ठेवलं की ते कुठंतरी मान टाकायचं. भलतंच बटण भलत्या वेळी तीच दाबायची. काकासाहेब एकदा म्हणाले, "या बाईला फॉर्मला कामून बसवलंय? हिला मोडायलाच बसवा की." तेव्हापासून ती टेस्टिंगला.

पुढं पुण्याची नोकरी सोडून मंजुषा आली आणि टेस्टिंगची प्रमुख झाली. वयानं रत्नमालापेक्षा लहान, पण शिकवायला दमदार. तिनं रत्नमालाला मशीनकडून टेस्ट करून घ्यायला शिकवलं. टेस्ट म्हणजे वापरणाऱ्या माणसाचं सोंग. मशीनच बटणं दाबते, मशीनच उत्तर वाचते. बरोबर आलं तर हिरवं, चुकलं तर लाल. आणि एखादा प्रोग्रॅम चालता चालता मेला, तर मरताना त्याच्या पोटात जे जे होतं ते एका फाईलमध्ये ओकून जातो. त्या फाईलला डंप म्हणायचं. कशानं मेला हे बघायचं असेल तर डंप उघडायचा.

दुपारी टेस्ट लावल्या की सगळ्या संपायला दिवस बुडायचा. मागं कधीतरी यूपीएसनं पेट घेतला होता, तेव्हापासून काकासाहेबांचा दंडक होता की माणूस नसताना मशीन चालू ठेवायची नाही. आणि दुसरा दंडक, पाण्याची सुट्टी बंद. "एकाला दिली तर सगळी कंपनी आळीपाळीनं बादल्या घेऊन घरी बसंल," हे त्यांचं म्हणणं. मंजुषानं यातून मार्ग काढला होता. पाण्याच्या दिवशी रत्नमालानं चालू टेस्टची मान मध्येच मुरगाळायची, मशीन बंद करायची आणि मागच्या जिन्यानं जायचं. जेवढ्या झाल्या तेवढ्या हिरव्या. मंजुषा वर सगळं हिरवं म्हणून कळवायची.

"ताई, ही गोष्ट तुमच्या-माझ्यात," ती म्हणायची.

अशी मान मुरगाळली की प्रोग्रॅम डंप टाकून जायचे. सकाळी फोल्डर त्या फायलींनी भरलेलं दिसायचं. प्रोग्रॅम लिहिणारा सत्यम हसायचा. "ताईंच्या गल्लीत काल पाणी आलेलं दिसतंय." त्यानं त्या फायलींचं नावच पाडलं होतं, पाण्याचे डंप. त्यांनी जागा अडायला लागली तेव्हा रत्नमालानं स्वतःच एक सोय केली. टेस्ट सुरू होण्याआधी मशीननं फोल्डर झाडून घ्यायचं. सकाळी अंगण झाडतो तसं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आणि मग तो गुरुवार. रत्नमालानं पर्स खांद्याला लावली होती, हात मशीन बंद करायला पुढं गेला होता, तेवढ्यात शेजारच्या भामाबाईंचा फोन.

"रत्ना, निघालीस का?"

"निघतेच आहे, मावशी."

"मग नको धावू. कुठं तरी लाइन फुटलीय म्हणं. आज काय येत नाय पाणी. उद्याचं पण काय खरं नाय."

रत्नमालानं पर्स परत टेबलावर ठेवली. बऱ्याच दिवसांनी असं झालं की पाण्याच्या दिवशी ती खुर्चीत बसून राहिली आणि शेवटची टेस्ट संपताना तिनं डोळ्यांनी बघितली. सगळं हिरवं. ती उठणार तेवढ्यात पडद्यावर पिवळी पट्टी आली, डिस्कवर जागा कमी आहे. तिनं सवयीनं ते फोल्डर उघडलं.

आत डंप पडलेले होते. आजचेच, मघाच्या तासाभरातले.

तिनं आज कशाचीच मान मुरगाळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं सत्यमला बोलावून दाखवलं. तो चहाचा कप हातात घेऊन वाकला.

"ताई, तुमच्या घरचं पाणी इथंच आलं वाटतं."

"अरे, काल पाणी आलंच नाही. मी शेवटपर्यंत इथं होते."

"मग टेस्ट संपल्यावर मशीन प्रोग्रॅम बंद करती, त्यात एखादा मेला असंल. हिरवं आहे ना सगळं? हिरव्याला कशाला उकरायचं?"

"हिरवं आहे म्हणून तर."

सत्यम गेला. त्याचं चुकत नव्हतं. सोमवारी नवी आवृत्ती सगळीकडं जायची होती आणि त्याच्या डोक्यावर ढीगभर काम होतं. सॉफ्टवेअर होतं टँकरचं. आदल्या साली पावसानं ओढ दिली, यंदा उन्हाळ्याआधीच गावोगाव टँकर सुरू झाले, आणि एका कंत्राटदारानं काकासाहेबांकडं काम दिलं. टँकर भरायच्या ठिकाणी कॉम्प्युटर बसवायचा, गावांचे फोन आले की मागणी त्यात टाकायची, आणि कोणती गाडी कुठं सोडायची ते मशीननं सांगायचं. पैठणकडच्या एका भरण्याच्या ठिकाणी पाडव्यापासून ते चालू होतं. आता बाकीच्या ठिकाणी.

रत्नमाला त्या फायलींपुढं बसली. डंपच्या नावात वेळ होती, प्रोग्रॅमचा नंबर होता. कोणत्या टेस्टनं तो टाकला हे मात्र नव्हतं. एकाच वेळी चार-चार टेस्ट चालायच्या. चार बायांनी एका रांजणातून पाणी घ्यावं आणि रांजण कुणी फोडला ते कुणालाच सांगता येऊ नये, तशी गत. तिनं झाडून घ्यायची सोय बंद केली. टेस्ट एकेक करून लावायला घेतल्या आणि प्रत्येकीनंतर फोल्डर बघायचं. रिकामं. रिकामं. पुन्हा रिकामं. मंजुषा दोनदा येऊन गेली. "ताई, सोमवारच्या अहवालाला उशीर नको." "नाही मॅडम." शनिवार दुपार झाली. तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली होती, की आपण भुतामागं लागलोय, आणि तेवढ्यात एका टेस्टनंतर फोल्डरमध्ये एक फाईल येऊन पडली.

टेस्ट हिरवीच होती. नाव होतं, सांजेची मागणी.

ती टेस्ट तिनंच लिहिलेली. दिवसाचा आराखडा पक्का झाल्यावर एखाद्या गावाचा फोन आला, तर मागणी उद्यासाठी घ्यायची. टेस्ट मागणी टाकायची, पडद्यावर "मागणी घेतली" असं आलं की हिरवी व्हायची, आणि प्रोग्रॅम बंद करून निघून जायची. पुढं काय होतं ते बघायला थांबायचीच नाही. पाहुण्याला दारापर्यंत पोचवलं, दार लावून घेतलं, आणि तो पायरीवर कोसळला तर घरातल्यांना काय पत्ता.

तिनं टेस्ट बाजूला ठेवली. हातानं प्रोग्रॅम उघडला, एका गावाची उशिराची मागणी टाकली, बंद केला, परत उघडला.

मागणी नव्हती. तिनं पुन्हा केलं. पुन्हा नव्हती.

आता सत्यमनं चहा आणला नाही. त्यानं डंप उघडला, बराच वेळ ओळी वर-खाली करत राहिला, आणि मग खुर्ची मागं सरकवली.

"बंद होताना आधी साठवणीच्या कोठीला कुलूप लागतंय, ताई. आणि मग प्रोग्रॅम मागणीचं धान्य घेऊन दारात येतोय. दार बंद बघून तिथंच मरतोय." तो खाली बघत म्हणाला, "हे माझंच लिहिलेलं हाये. फेब्रुवारीतलं."

"म्हणजे पाडव्यापासून तिकडं जे चालू आहे त्यातही?"



पैठणकडच्या त्या ठिकाणी कॉम्प्युटर चालवायला कडुबा नावाचा माणूस होता. रत्नमालानं त्याला सॉफ्टवेअर बसवताना फोनवर शिकवलं होतं, त्यामुळं तो तिला बाई म्हणायचा.

"कडुबा, सांजेला कॉम्प्युटर बंद करताना काही दिसतं का पडद्यावर?"

"दिसतं ना. एक चौकट येती, इंग्लिशमधी. कवा येती, कवा नाय. आम्ही दाबून टाकतो तिला. कामून हो, बाई?"

"सांगितलं का नाही कधी?"

"आता सारखं येणाऱ्या पाव्हण्याचं काय सांगावं."

"बरं, आराखडा झाल्यावर कुणाचे फोन येतात? उशिरा, दिवस बुडताना?"

"लई नाय येत. ते खडकवस्तीचे येत्यात. धनगराची वस्ती हाये. दिसभर मेंढरामागं माणसं, त्यात वर रेंज नाय. खाली उतरल्यावर करत्यात फोन."

"मग त्यांना टँकर जातो का?"

पलीकडं पंप चालू असल्याचा आवाज येत होता.

"मशीनवर नाव आलं की जातो, बाई. त्यांचं येतच नाय. म्या आपलं टाकतो रोज, सकाळी बघावं तर नसतंय. म्हणलं वरूनच काटलं असंल कुणी. मशीनपुढं आपण काय बोलावं."

तिनं त्याच्याकडून वस्तीवरच्या बाईचा नंबर घेतला. बानाबाई. फोन लागला तो संध्याकाळी, माणसं खाली उतरल्यावर. रत्नमालानं कंपनीचं नाव सांगितलं, टँकरच्या मशीनचं सांगितलं. बानाबाई मन लावून ऐकून घेत होती.

"मंग आमचा फोन पोचत होता म्हणा की."

"पोचत होता, मावशी. मशीन विसरत होती."

"आम्हाला वाटलं, येळ टळून गेल्यावर मागतो म्हणून देत नसतील. आपली चूक हाये म्हणलं. मंग बाकीच्यांनी सोडलं मागायचं. निम्मी वस्ती खाली नदीकडं गेली उठून, लेकराबाळांसगट. म्या सासऱ्यापायी राहिले. त्यांना हालवता येत नाय."

 माहेरी असताना तीही दिवस मावळल्यावरच घरच्यांची वाट बघायची. त्याआधी घरी कोण असणार? टेस्ट लिहिताना हे तिच्या डोक्यात कसं आलं नाही, हा विचार तिला घरी जाईपर्यंत कुरतडत राहिला. द्वारकाबाईंनी ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "आज पाणी आलं नाय म्हणून तोंड पाडलंस का? उद्या येईल की." ती हो म्हणाली.

रविवारी ती मंजुषाच्या घरी गेली, बीड बायपासला. मंजुषाचा नवरा आपल्या आईला घेऊन दवाखान्यात गेलेला. वर्षभर त्याला नोकरी नव्हती, हे रत्नमालाला ठाऊक होतं. मंजुषानं सगळं ऐकलं. ती टेस्टिंगमध्ये मुरलेली बाई. अर्ध्यातच तिच्या लक्षात आलं.

"सत्यमला दुरुस्त करायला सांगितलं?"

"केलंय त्यानं. आज येऊन बसलाय ऑफिसात."

"मग झालं की. सोमवारी नवी आवृत्ती जाईल, दुरुस्त केलेली. पैठणलाही तीच बसेल. ताई, यात वर सांगण्यासारखं काय आहे?"

"ज्यांच्या मागण्या गेल्या त्यांचं काय? वस्तीवर उद्या तरी टँकर जायला हवा."

"कडुबाला सांगा. तो सोडेल एखादी गाडी."

"विचारलं त्याला. मशीनबाहेर गाडी सोडली तर माझ्या गळ्याला फास, म्हणतो. वरून हुकूम लागतो. तो हुकूम काकासाहेबच आणू शकतात."

मंजुषा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली नव्या इमारतीचा पाया खणत होते; बोअरची गाडी घरघरत होती.

"काकासाहेब पहिलं काय विचारतील ठाऊक आहे तुम्हाला? एवढे दिवस दिसलं कसं नाही. मग तुम्ही काय सांगाल?"

रत्नमालानं चहाचा कप बाजूला सारला.

"ती टेस्ट शेवटाला लागते. पाण्याच्या दिवशी ती कधी चाललीच नाही, आणि मी सगळं हिरवं म्हणून कळवलं. बाकीच्या दिवशी डंप पडले ते आपण झाडून टाकले, पाण्याचे म्हणून. यातलं काय लपवून सांगता येईल?" ती वळली. तिचा आवाज चढला नाही, तेच रत्नमालाला जड गेलं. "तुमच्या हौदासाठी केलं होतं मी. माझ्या नाही."

"ठाऊक आहे, मॅडम."

"मॅडम म्हणू नका आज."

रत्नमाला उठली. चहा तसाच राहिला. रिक्षात बसल्यावर तिला वाटत होतं की अजून ठरवलेलं नाही. मुकुंदवाडीच्या चौकात उतरली तर गल्लीत मोटारींचा गलका चालू होता, पाणी आलं होतं. हौद भरता भरता तिचं लक्ष पाण्याच्या धारेकडं नव्हतं. द्वारकाबाई दारातून म्हणाल्या, "अगं, भरून वाहायलंय. झाकण लाव." तिनं झाकण लावलं आणि तिथंच उकिडवी बसून राहिली.

सोमवारी काकासाहेब यायच्या आधीच ती त्यांच्या केबिनबाहेर उभी होती.

"काय रत्नमालाबाई, आज सकाळीच? रजा पाहिजे का?"

"नाही साहेब. आजचं थांबवा. बाहेर पाठवू नका."

तिनं सगळं सांगितलं. डंपपासून सुरुवात केली, बानाबाईपर्यंत आली, आणि मग मागं जाऊन पाण्याच्या दिवसांचं सांगितलं. मंजुषाचं नाव घेतलं नाही. मी मशीन मध्येच बंद करत होते, एवढंच म्हणाली. काकासाहेब पाणी प्यायचं विसरून ग्लास हातात धरून बसले होते.

"आणि कमी टेस्ट झाल्यात हे मंजुषाबाईंना कळलं नाही? आंधळ्या आहेत का त्या?"

दारातून मंजुषा आत आली. बाहेर उभी होती की आत्ताच आली, कुणास ठाऊक.

"कळलं होतं, सर. मीच सांगितलं होतं त्यांना, बंद करून जा म्हणून."

"का?"

"पाण्यासाठी."

काकासाहेब हसले, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "पाण्यासाठी. इथं पाणी भरायला तुम्ही मशीन बंद केली, अन् तिकडं लोकांचं पाणी बंद पडलं. हे मी कंत्राटदाराला कोणत्या तोंडानं सांगू? माझी भावकी म्हणती, काक्या, तू टँकरात हवा भरून विकायलास. खरंच निघालं की हो."

 त्यांनी फोन उचलला. कंत्राटदाराशी बोलताना ते उभे राहिले, दोनदा माफी मागितली, एकदा आवाज चढवला. "ते माझ्यावर ढकला. पण गाडी आज गेली पाहिजे. दुपारच्या आत." फोन ठेवल्यावर त्यांनी रत्नमालाकडं बघितलं.

"गाडी जाईल. आजचं पाठवणं थांबलं. सत्यमचं तपासून झाल्याशिवाय काहीच जाणार नाही. आणि अहवालावर आता तुम्ही सही करायची. मंजुषाबाईंची नको."

"साहेब, बंद मी केली होती मशीन."

"तुम्ही केली अन् येऊन सांगितलं. त्यांनी हिरवं म्हणून लिहून दिलं." ते मंजुषाकडं वळले, आता त्यांचा स्वर खाली आला होता. "मंजुषाबाई, मला तुमच्या घरचं ठाऊक आहे. पण मी उद्या तुमच्या सहीवर विश्वास कसा ठेवू, ते तुम्हीच सांगा."

मंजुषानं मान हलवली. तिला ते म्हणणं मान्य होतं की नव्हतं, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ती बाहेर गेली, टेबलावरचं सामान पिशवीत भरलं आणि लोखंडी जिन्यावर जाऊन बसली. रिक्षा बोलावली होती, ती यायची होती.

रत्नमाला तिच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"तुमचं नाव घेतलं नव्हतं मी."

"ऐकलं मी. घेतलं असतं तर बरं झालं असतं. मला आत यावं लागलं नसतं." मंजुषा उन्हातल्या रस्त्याकडं बघत होती. "तुम्ही बरोबर केलंत. मला माहीत आहे. पण थोडे दिवस मला फोन करू नका, ताई."

रत्नमालाचा फोन वाजला. कडुबा होता. जिन्यावर वारा होता, नीट ऐकू येईना, म्हणून तिनं स्पीकरवर टाकलं.

"बाई, गाडी गेली बरं का खडकवस्तीला. पण तिथं तीनच घरं हायेत आता. त्यांची भांडी भरली. बाकीचं पाणी कुठं ओतू म्हणून ड्रायव्हर इचारायलाय. माघारी आणलं तर खेपेचे पैसे कापत्यात आमचे."

 "थांब जरा," रत्नमाला म्हणाली, "विचारते."

कुणाला विचारणार होती, हे तिलाही ठाऊक नव्हतं. सही आता तिची होती.

"गेलेली माणसं नदीकडं कुठं उतरलीत, ते त्या बाईला माहीत असेल," मंजुषा मागं न बघता म्हणाली. "तिला गाडीत बसवा. गाडी तिकडं वळवा. आणि सरांना आत्ता कळवा, नंतर नाही."

खाली रिक्षा आली. मंजुषा पिशवी घेऊन उठली आणि उतरून गेली. रत्नमाला बानाबाईचा नंबर लावत होती, त्यामुळं तिला हातही करता आला नाही.

बानाबाईनं फोन लगेच उचलला. मागं टँकरचं इंजिन चालू होतं, कुणीतरी भांडं आपटलं.

"बसते म्या ड्रायव्हरजवळ, त्यात काय. दाखवते जागा. पण बाई, तिकडं गेलेल्यांची पिंपं इथंच हायेत. तिकडं कशात घेतील पाणी?"

"गाडीत टाका पिंपं. मावतील तेवढी."

"बरं." ती जरा थांबली. "आन् बाई, उद्याचं आत्ताच सांगून ठेवू का? का सांजेलाच करू फोन?"

सत्यमचं काम तपासून व्हायचं होतं. पैठणची मशीन अजून तीच जुनी होती, आज सांजेला टाकलेली मागणी ती आजही विसरली असती.

"आत्ताच सांगा, मावशी," रत्नमाला म्हणाली. "मलाच सांगा." आणि बानाबाई माणसांची, जनावरांची नावानिशी गिनती सांगत असताना ती फोन कानाला लावून काकासाहेबांच्या केबिनकडं निघाली.